उलट्या पावलांची यात्रा

भुताचे पाय उलटे असतात हे आजीला लहानपणापासून ठाऊक होतं. पाय सरळ आणि चालणं उलटं, असा प्राणी मात्र तिने सत्तरी ओलांडल्यावर पाहिला. तोही मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी, सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात. हार्वर्ड विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा चाळीस माणसांकडे तोंड करून, अखंड बोलत, विटांच्या पायवाटेवरून मागे मागे चालला होता. त्याच्या पाठीमागे झाडं होती, पायऱ्या होत्या, सायकली होत्या, एक बाबागाडीही होती. तो कशालाच धडकत नव्हता.

"अगं बाई, पडेल ना तो!"

"नाही पडत हो आई, त्यांची तालीम झालेली असते," सून म्हणाली.

"पाठ दाखवायची नसते त्याला," आजोबांनी निदान केलं. "देवळातून निघताना आपण चार पावलं उलटी येतो की नाही? तसं."

निदान अर्धं बरोबर होतं. देवळात पाठ दाखवत नाहीत ती देवाला. इथे ती दाखवायची नाही ती पालकांना, कारण शिकवणी, राहणं आणि जेवण मिळून वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वरचा नैवेद्य तेच आणणार असतात.

अमेरिकेत मूल अकरावीला गेलं की घराला या यात्रेचे वेध लागतात. वसंतातल्या सुट्टीत किंवा उन्हाळ्यात गाडी काढायची आणि कॉलेजं बघत हिंडायचं. रिवाज ठरलेला आहे. आधी नाव नोंदवायचं, मग सभागृहात माहितीचं सत्र, मग तासभर पायी फेरी. बोस्टनचा परिसर या यात्रेतलं पंढरपूर. केंब्रिजमध्ये तर सकाळी हार्वर्ड आणि दुपारी एमआयटी असं एका दिवसात उरकतं, कारण दोन्हींच्या मध्ये मेट्रोच्या रेड लाइनचं एकच स्टेशन आहे. आणि अशा जथ्यात एखादं मराठी घर नसेल तर तो जथा अपुरा समजावा. या दिवशीचं घर न्यू जर्सीतल्या एडिसनचं होतं. पहाटे निघालेले आई-बाबा, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणि सतरा वर्षांची नात. नात सर्वांपासून पंधरा फूट अंतर राखून चालत होती. ती कुणाबरोबर आली आहे हे ओळखायची सोय तिने ठेवलेली नव्हती. जथ्यातली बाकीची पोरंही तशीच विखुरलेली, जणू चाळीस जणांपैकी वीस जण अनाथ आहेत.

आजोबांना मुळात या प्रकाराचंच नवल वाटत होतं. त्यांच्या हिशेबी कॉलेजचं आवार पहिल्यांदा बघायचं ते कागदपत्रं तपासायच्या दिवशी. तीन तास रांगेत उभं राहायचं, खिडकीपाशी पोचल्यावर डोमिसाईलची झेरॉक्स राहिल्याचं कळायचं, मग झेरॉक्सचं दुकान शोधताना जी पायपीट होते तीच कॅम्पसची फेरी. तिला गाइड लागत नाही. शिपाई हात वर करून "तिकडं" म्हणतो, तेवढं पुरतं.

सकाळच्या सत्रात एका हसतमुख बाईंनी निवडीची पद्धत समजावली होती. आम्ही विद्यार्थ्याकडे 'होलिस्टिक' नजरेने बघतो, असं त्या चार वेळा म्हणाल्या.

"म्हणजे मार्कांवर घेत नाहीत?" आजोबांनी हळूच विचारलं.

"मार्कांवरही घेतात."

"मग आणखी कशावर?"

"सगळ्यावर, बाबा."

"सगळ्यावर म्हणजे नक्की कशावर?"

त्यांचा मुलगा गप्प बसला. हा प्रश्न त्यालाही गेली दोन वर्षं पडलेला होता, आणि त्यासाठी त्याने नेमलेल्या सल्लागारालाही बहुधा पडलेला असावा. अर्ज करणाऱ्या शंभर जणांतून हार्वर्ड तिघा-चौघांना घेतं. म्हणजे त्या सभागृहातल्या पोरांची शिरगणती केली तर जेमतेम एखाददुसरं आत जाणार होतं, आणि बाई मात्र तिथे वसतिगृहात कोणती उशी आणावी याचीही माहिती देत होत्या. असं दुकान दुसरीकडे सापडणार नाही. गिऱ्हाइकाला माल दाखवायचा, आवडायला लावायचा, आणि मग गिऱ्हाइकालाच नापसंत करायचं.

नाव नोंदवण्याचीही एक गंमत आहे. त्र्यंबकेश्वरला क्षेत्रोपाध्यायांच्या बाडात खापरपणजोबा कधी येऊन गेले याची नोंद सापडते, हे आजोबांनी स्वतः पाहिलेलं. अमेरिकेतली पुष्कळ कॉलेजंही असं बाड ठेवतात. मूल येऊन गेलं का, त्याने ईमेल उघडली का, यावरून त्याला आपल्याबद्दल किती ओढ आहे ते जोखतात. हार्वर्ड आणि एमआयटी असल्या नोंदीला किंमत देत नाहीत. हे बाबांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी पाचही जणांची नावं नोंदवली होती. न जाणो.

फेरीतलं मुख्य दैवत म्हणजे जॉन हार्वर्डचा पुतळा. युनिव्हर्सिटी हॉलसमोर खुर्चीत बसलेला, मांडीवर उघडं पुस्तक, आणि डावा बूट एवढा चकचकीत की बाकीचा काळपट देह परक्याचा वाटावा. शुभशकुन म्हणून येणारा जाणारा त्या बुटाला हात लावतो. खाली कोरलंय: जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८. गाइडने इथे खास आवाज लावला, कारण याला 'तीन थापांचा पुतळा' म्हणतात आणि थापा उलगडून सांगणं हा फेरीतला हुकमी एक्का आहे. पहिली थाप: हार्वर्ड १६३८ चं नाही, १६३६ चं. दुसरी: जॉन संस्थापक नव्हे. कॉलेज काढलं तिथल्या वसाहतीच्या विधिमंडळाने. जॉन हा तिशीत क्षयाने गेलेला एक पाद्री, ज्याने मरताना आपली निम्मी इस्टेट आणि चारेकशे पुस्तकं दिली, म्हणून त्याचं नाव लागलं. तिसरी थाप सर्वांत भारी: हा चेहराच त्याचा नाही. जॉनचं एकही चित्र उपलब्ध नव्हतं, तेव्हा शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंचने १८८४ साली एका विद्यार्थ्याला समोर बसवून काम भागवलं. वॉशिंग्टनमधला तो प्रचंड बसलेला लिंकनही याच फ्रेंचचा. तिथे निदान फोटो होते.

आजोबांनी मनातल्या मनात सनावळी जुळवली. "१६३६ म्हणजे महाराज सहा वर्षांचे. निजामशाही बुडाली ते साल." हे त्यांनी शेजारच्या टेक्ससच्या गृहस्थांनाही सांगितलं. ते "वॉव" म्हणाले.

आजी तोवर पुतळ्यापाशी पोचली होती. चौथरा उंच, पण तिने टाचा वर करून बुटाला हात लावला आणि तो हात रीतसर कपाळाला आणि डोळ्यांना लावला. फोटो काढणाऱ्या मंडळींना हे फारच आवडलं. नात मात्र आयुष्यात पहिल्यांदाच पंधरा फुटांचं अंतर मोडून धावत आली आणि खिशातून सॅनिटायझर काढून तिने आजीच्या दोन्ही तळव्यांवर ओतलं, आधी कपाळ पूस म्हणाली. पोरीला आजीची एवढी काळजी, म्हणून आईचे डोळे पाणावले. खरं कारण गाइडने सांगितलेलं नव्हतं, पण पोरांना इंटरनेटवरून ठाऊक असतं: रात्री-बेरात्री हार्वर्डचे विद्यार्थी त्याच बुटावर जे तीर्थ अर्पण करतात, ते गंगेचं नसतं. नातीने हे आजीला आजतागायत सांगितलेलं नाही.

पंढरपूरला दोन रांगा असतात, पदस्पर्शदर्शनाची आणि मुखदर्शनाची. हार्वर्डमध्ये पदस्पर्श मिळतो तो जॉनचा. बाकी सगळं कळसदर्शन. वाचनालयाच्या पायऱ्या चढता येतात, आत जाता येत नाही. पहिल्या वर्षाची मुलं जिथे जेवतात त्या ॲननबर्ग हॉलची उंच रंगीत तावदानं बाहेरून बघायची, आतलं हॅरी पॉटरच्या सिनेमासारखं असतं हे ऐकून घ्यायचं. आणि वर्ग? ज्यासाठी एवढा खटाटोप, तो शिकवण्याचा वर्ग फेरीत कुठे आलाच नाही, आणि चाळीसपैकी एकानेही तो दाखवा असं म्हटलं नाही. विचारलं गेलं ते असं: खोलीत एसी आहे का, कपडे धुवायचं मशीन किती मजल्यांवर आहे, आवारात ते निळ्या दिव्याचे खांब कसले. खांबांवर आणीबाणीचे फोन असतात. बटण दाबलं की पोलीस येतात. हे ऐकून सगळ्या आयांनी एकदम निःश्वास सोडला आणि सगळ्या मुलींनी एकदम डोळे फिरवले.

क्षेत्र म्हटलं की माहात्म्य आलं, आणि गाइड म्हणजे चालतंबोलतं माहात्म्य. वाइडनर वाचनालयाची गोष्ट निम्मी खरी आहे, आणि खरी निम्मीच जास्त चटका लावते. हॅरी वाइडनर हा पुस्तकवेडा तरुण १९१२ साली टायटॅनिकवर बुडाला. त्याच्या आईने त्याच्या नावाने हे वाचनालय बांधून दिलं, १९१५ मध्ये. आत पुस्तकांच्या फळ्यांची लांबी मोजली तर पन्नास मैलांच्या वर जाते. उरलेली निम्मी गोष्ट अशी की पोहता आलं असतं तर पोरगा वाचला असता, म्हणून आईने अट घातली: प्रत्येक विद्यार्थ्याला पोहण्याची परीक्षा. याला कसलाही आधार नाही. अटलांटिकच्या त्या बर्फगार पाण्यात पट्टीचा पोहणाराही किती टिकला असता? पण आपल्याकडे नाही का, प्रत्येक गडाखालून एक भुयार थेट दुसऱ्या गडापर्यंत जातं, ज्यातून घोडेस्वार जाई आणि जे कुणीच पाहिलेलं नसतं. तसंच हे. दुसरी कथा १७६४ च्या आगीची. त्या आगीत जॉनने दिलेली जवळजवळ सगळी पुस्तकं जळाली, एक तेवढं वाचलं, कारण ते मुदत उलटूनही एका विद्यार्थ्याच्या खोलीत पडून होतं. दुसऱ्या दिवशी त्याने ते आणून दिलं, अध्यक्षांनी त्याचे आभार मानले आणि नियम मोडला म्हणून लगेच काढून टाकलं, अशी शेपटी मागाहून कुणीतरी जोडली. आजोबांना शेपटीच आवडली. पुण्यातल्या कुठल्याही ग्रंथालयात हे सहज शक्य आहे, असं त्यांचं मत पडलं.

मग त्यांनी गाइडला थांबवून स्वतःची कथा सांगितली, आणि ती पूर्ण खरी होती. गोव्यातल्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी. पदवी नाही, गावात धड शाळा नाही, बुद्धाच्या ओढीने घर सोडून निघाले, नेपाळ-सिलोन पालथं घातलं, आणि १९१० साली याच हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी येऊन बसले. पुढे मुलालाही घेऊन आले. तो मुलगा म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी, गणिती आणि इतिहासकार. शाळा इथेच केंब्रिजला, पदवी १९२९ ला हार्वर्डची.

"दॅट्स सो कूल," गाइड मनापासून म्हणाला. आणि उलटा चालू लागला. पुढच्या थांब्यावर त्याला फेसबुक कोणत्या खोलीत सुरू झालं ते सांगायचं होतं.

"कोसंबींचा पुतळा नाही का कुठे?" आजीने विचारलं.

"पुस्तकं आहेत त्यांची. आत. फळ्यांवर."

डबा हार्वर्डच्या हिरवळीवर, रंगीबेरंगी खुर्च्यांत बसून संपवला. पाच पुऱ्या आजीने फॉइलमध्ये बांधून वेगळ्या ठेवल्या.

एमआयटीत माणूस भूमितीच्या पेपरात शिरल्यासारखा शिरतो. इथे इमारतींना नावं असतात, पण त्या ओळखल्या जातात आकड्यांनी: दहा नंबर, सात नंबर, पूर्वेच्या असतील तर आकड्याआधी पूर्वेचं अक्षर. विषयांनाही आकडेच. "मी कोर्स सिक्स" म्हटलं की इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर, "कोर्स एटीन" म्हटलं की गणित. दुपारच्या गाइडने (हाही उलट्या पावलांचाच) हे ओशाळून सांगितलं, पण सदाशिव पेठेतला घरनंबर शोधत आयुष्य काढलेल्या आजोबांना त्यात काही अवघड वाटलं नाही. इथे निदान आठनंतर नऊ नंबर याच गावात सापडेल अशी आशा होती.

इथे मात्र आत नेलं. मुख्य इमारतींना जोडणारा एक लांबच लांब बोळ आहे, २५१ मीटरचा. त्याला 'इन्फिनिट कॉरिडॉर' म्हणतात. दोन्ही बाजूंना प्रयोगशाळा, काचेतून दिसणारी यंत्रं, भिंतींवर क्लबांची भित्तिपत्रकं. गाइड म्हणाला, वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या मध्याकडे आणि जानेवारीच्या अखेरीस, मावळता सूर्य बरोबर या बोळाच्या रेषेत येतो आणि किरणं या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. तेव्हा विद्यार्थी गर्दी करून बघायला उभे राहतात.

सुनेने भाषांतर करताच आजी जागच्या जागी थांबली. तिचं माहेर कोल्हापूरचं. "अगं, हा तर किरणोत्सव!" अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, आधी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. तेही नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला. तारखा जवळजवळ त्याच. हे ऐकल्यावर गाइड चालायचा थांबला. या फेरीत गाइडला यात्रेकरूंकडून मिळालेली ही पहिली नवी माहिती. त्याने देवळाचं नाव फोनवर टिपून घेतलं. ढग आले तर काय करता, असंही त्याने विचारलं. "पुढच्या वर्षी बघायचं," आजी म्हणाली. "आणि मध्ये कुणाची इमारत आली तर भांडायचं."

बाबांना पोहण्याचा विषय अजून सलत होता. हार्वर्डची पोहण्याची परीक्षा ही दंतकथा. एमआयटीची खरी निघाली, शंभर यार्डांची. शिवाय धनुर्विद्या, तलवारबाजी, पिस्तूल आणि शिडाची होडी हे चार वर्ग पुरे केले की संस्था अधिकृतपणे 'चाचेगिरी'चं प्रमाणपत्र देते. आजोबांनी दांडपट्टा चालेल का ते विचारायला सांगितलं. कुणी विचारलं नाही.

मुख्य इमारतीवरच्या घुमटाच्या खाली गाइडने १९९४ ची गोष्ट सांगितली. एका सकाळी लोकांनी वर पाहिलं तर घुमटावर कॅम्पस पोलिसांची गाडी, दिवे लावून उभी. आत पोलिसाचा पुतळा, डोनटचा खोका, आणि काचेवर चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दलची पावती. पोरांनी जुन्या गाडीचे पत्रे तुकड्यातुकड्यांनी रात्रीत वर नेऊन जोडले होते. तिथून नदीकडे बोट दाखवत त्याने पुलाचीही गोष्ट सांगितली. १९५८ साली काही विद्यार्थ्यांनी ऑलिव्हर स्मूट नावाच्या, पाच फूट सात इंचांच्या सोबत्याला पुलावर आडवा पाडत पाडत पूल मोजला: ३६४.४ स्मूट आणि वर एक कान. त्या खुणा अजून पुलावर रंगवतात. हाच स्मूट पुढे प्रमाणीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे आयएसओचा अध्यक्ष झाला. झेडपीच्या शाळेपासून पोलीस चौकीपर्यंत ज्याची पाटी मिरवते तो आयएसओ. पूल एमआयटीच्या दारात येतो, पण नाव मात्र हार्वर्ड ब्रिज. कारण साधं आहे: पूल १८९१ चा, आणि एमआयटी नदीपलीकडच्या बोस्टनमधून इथे आली १९१६ मध्ये.

"आमच्या पुण्याचा माणूस तेव्हाच येऊन गेला," आजोबांनी इथेही हिशेब चुकता केला. केशव मल्हार भट, १८८२. एमआयटीत शिकायला आलेला पहिला भारतीय. तेव्हा उलटं चालून दाखवणारं कुणी नव्हतं. माणूस बोटीने आला आणि वर्गात जाऊन बसला.

फेरी संपत आली. बाबांनी शेवटचा प्रश्न नातीच्या नावावर खपवला: "माझ्या मुलीला जाणून घ्यायचंय, फी माफी कुणाला मिळते?" मुलीला त्या क्षणी फक्त जमीन दुभंगलेली हवी होती. दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना शिकवणी फी नाही, गाइड म्हणाला. हार्वर्डनेही तीच रेषा धरली आहे. आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांचे पगार मिळून रेषेच्या जरा वर जात होते, आणि त्यातली शेवटची बढती आईने मागच्याच महिन्यात भांडून घेतली होती.

आणि निकाल? निकाल १४ मार्चला लागतो, कारण अमेरिकन पद्धतीने ती तारीख ३.१४, पायची किंमत. वेळ संध्याकाळी सहा अठ्ठावीस, म्हणजे पायची दुप्पट. आजोबांनी घड्याळाचा हिशेब केला. भारतात तेव्हा १५ तारखेचे पहाटेचे तीन अठ्ठावन्न. "ब्राह्ममुहूर्ताच्या किंचित आधी," ते म्हणाले. "जागा राहीन मी."

टाळ्या झाल्या. आजीने पुढे होऊन फॉइलचं पुडकं गाइडच्या हातात कोंबलं. त्याने वास घेतला, एक पुरी तिथेच खाल्ली, डोळे विस्फारून "स्पायसी" म्हणाला, बाकीच्या पाठीवरच्या सॅकमध्ये टाकल्या आणि साडेतीनचं लेक्चर गाठायला वळला. तासाभरात त्याची पाठ पहिल्यांदाच दिसली. सॅकची चेन उघडी होती.

"अरे बाळा, चेन! चेन उघडी आहे तुझी!" आजीने कोल्हापुरी आवाज लावला. अख्खं आवार वळून बघू लागलं. तो सोडून.

नातीने एकदा आजूबाजूला पाहिलं. मग पायांत बळ आणून त्याच्यामागे धावली, त्याला बोळाच्या तोंडाशी गाठलं आणि धापा टाकत इंग्रजीत म्हणाली, "सॉरी, ती माझी आजी आहे. ती म्हणतेय, तुझी बॅग उघडी आहे."

त्याने सॅक पुढे घेतली. आत लॅपटॉप होता, छत्री होती, आणि चार पुऱ्या जागच्या जागी होत्या.